घडीचा नकाशा आणि केवड्याचा प्रश्न

ऑक्टोबर छाटणी होऊन दोन-तीन आठवडे झालेले असतात, काड्यांवर कोवळे फुटवे आलेले असतात आणि नेमका तेव्हाच पाऊस येतो. दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागाईतदाराची दिवाळी बहुतेक वेळा अशी जाते. पानाच्या वरच्या अंगाला तेलकट पिवळट डाग आणि खालच्या अंगाला पांढरी लव दिसली, की केवडा आला. तो घडांपर्यंत पोचला तर वर्ष गेले. दोन वर्षांपूर्वी अशाच दिवसांत मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मळ्यावर गेलो होतो. मुलगा आता जैवतंत्रज्ञानात संशोधन करतो. त्याने मोबाइलवर मला एक प्रथिन फिरवून दाखवले. निळ्या-पिवळ्या फितींची ती आकृती बोटाच्या टोकावर गरगर फिरत होती. त्याचे वडील शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "सर, हे औषध आधी चालायचं. आता डबल मारलं तरी चालत नाही. याच्या मोबाइलमधलं ते चित्र सांगतंय का, का चालत नाही ते?"

मुलगा गप्प राहिला आणि मीही. प्रश्न साधा होता आणि उत्तर मला ठाऊक होते, पण ते त्या चित्रात नव्हते. गेली चार-पाच वर्षे ज्या शोधाचा जगभर जयजयकार चालला आहे, त्याची किंमत ठरवताना मला तो मळा आणि तो प्रश्न पुन्हा पुन्हा आठवतो. हा लेख त्या शोधाची कुचेष्टा करण्यासाठी नाही. शोध मोठा आहे. पण कशासाठी मोठा आणि कुठे तोकडा, याचा हिशेब आपल्याकडे कोणी नीट मांडलेला माझ्या पाहण्यात नाही. बातम्या आल्या त्या "जीवशास्त्राचे पन्नास वर्षांचे कोडे सुटले" अशा मथळ्यांच्या. त्यातला "सुटले" हा शब्द मला खटकतो.

आधी कोडे काय होते ते पाहू. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. मणी वीस प्रकारचे, पण त्यांचा क्रम प्रत्येक प्रथिनाचा वेगळा. पेशीत ही साखळी तयार होता होताच स्वतःभोवती वळते, दुमडते आणि तिची एक ठरावीक घडी बसते. घडी बसली की प्रथिन कामाला लागते, मग ते प्राणवायू वाहून नेणे असो, अन्न पचवणे असो की विषाणूला पकडणे. क्रिस्टियन आन्फिन्सेन यांनी दाखवले की घडी कशी बसायची याची माहिती साखळीच्या क्रमातच असते. त्यासाठी त्यांना १९७२ साली नोबेल मिळाले. क्रम ठाऊक असेल तर घडी हिशेबाने काढता यायला हवी, असा याचा अर्थ झाला. पण सायरस लेव्हिन्थाल यांनी १९६९ सालीच एक अडचण दाखवून ठेवली होती. साखळीला वळण्याच्या शक्यता इतक्या अफाट आहेत, की एकेक करून तपासायच्या म्हटल्या तर विश्वाचे वय पुरणार नाही. प्रथिन मात्र हे काम डोळ्याचे पाते लवण्याच्या आत करते.

म्हणून घडी प्रयोगाने शोधावी लागे. प्रथिनाचे स्फटिक बनवायचे, त्यावर क्ष-किरण सोडायचे आणि विखुरलेल्या ठिपक्यांवरून अणूंच्या जागा काढायच्या. मॅक्स पेरुट्झ यांची हिमोग्लोबिनच्या रचनेसाठी वीस वर्षांहून अधिक गेली. पुढे तंत्रे सुधारली, पण एका रचनेमागे एका विद्यार्थ्याची अख्खी पीएच.डी. खर्ची पडणे ही नित्याची गोष्ट राहिली. स्फटिक हट्टी असतात. कधी कधी ते वर्षानुवर्षे बनतच नाहीत.

या कथेत आपल्या देशाचे पान सुरुवातीलाच येते. मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन यांनी रामकृष्णन आणि शशिशेखरन यांच्याबरोबर १९६३ साली एक नकाशा प्रसिद्ध केला. साखळीतल्या प्रत्येक मण्याजवळ दोन कोन असतात. अणू एकमेकांवर आदळू नयेत एवढ्या साध्या अटीवर त्यांनी दाखवून दिले, की या कोनांच्या बहुतेक जोड्या निषिद्ध आहेत आणि मोकळी जागा थोडीच आहे. आज कोणतीही रचना, मग ती प्रयोगाने काढलेली असो की यंत्राने वर्तवलेली, या नकाशावर ठेवून तपासली जाते. काय अशक्य आहे ते आधी सांगणारे हे ज्ञान आहे आणि माझ्या मते त्याचा मान नंतरच्या सगळ्या यंत्रांपेक्षा कमी नाही.

पुण्याचे पान मात्र आपल्याकडे फारसे वाचले गेलेले नाही. पुणे विद्यापीठात १९८७ साली जैवमाहितीशास्त्राचे केंद्र सुरू झाले. अशोक कोळस्कर यांनी तिथे प्रसाद टोंगावकर यांच्यासह १९९० साली एक पद्धत मांडली. प्रथिनाच्या साखळीतला कोणता तुकडा शरीराच्या प्रतिपिंडांना ओळखू येईल, हे अमिनो आम्लांच्या गुणधर्मांवरून आणि आधीच माहीत असलेल्या उदाहरणांवरून सांगायचे. अचूकता सुमारे ७५ टक्के. ही पद्धत अजूनही जगभर वापरात आहे. लस शोधणाऱ्यांच्या साधनांत "कोळस्कर-टोंगावकर" हा पर्याय दिसतो, तेव्हा परदेशातल्या तरुणाला ती दोन आडनावे मराठी आहेत हे ठाऊकही नसते.

त्यानंतरचे काम अधिक धाडसाचे होते. जपानी मेंदूज्वराच्या विषाणूवर जे आवरण-प्रथिन असते, त्याची त्रिमिती रचना तेव्हा कोणीही प्रयोगाने काढलेली नव्हती. त्याच कुळातल्या, गोचिडीमार्फत पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूचे आवरण-प्रथिन मात्र १९९५ साली स्फटिकातून उलगडले होते. कोळस्कर आणि ऊर्मिला कुलकर्णी-काळे यांनी या चुलत नातेवाइकाचा सांगाडा घेतला, त्यावर जपानी मेंदूज्वराच्या विषाणूची साखळी बसवली, प्रथिनाभोवती पाण्याच्या हजारो रेणूंचा थर धरून रचना स्थिरावली आणि मग विचारले, की प्रतिपिंड या पृष्ठभागावर नेमके कुठे बसतील? हा निबंध १९९९ साली आला.

इथे एक बारकावा आहे. प्रतिपिंड साखळी वाचत नाही, तो पृष्ठभाग चाचपतो. साखळीत एकमेकांपासून शंभर मणी दूर असलेले दोन तुकडे घडीत शेजारी येतात आणि प्रतिपिंडाला ते एकच जागा वाटतात. त्यामुळे घडी कळल्याशिवाय अशा जागा सापडत नाहीत. १९९०ची पद्धत साखळीवर चालत होती, १९९९चे काम घडीवर. पुढे २००५ साली याच केंद्राने अशा जागा वर्तवणारी सेवा संगणकाच्या जाळ्यावर सर्वांना खुली केली. हे सगळे, ज्याला आज कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात ती येण्याच्या कितीतरी आधी, गणेशखिंडीत बसून झाले.

योगायोग असा, की त्याच १९९९ साली गणेशखिंडीपासून काही किलोमीटरवर, पाषाणला, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले चि. गो. सुरेश, अर्चना पुंडले आणि त्यांचे सहकारी यॉर्कच्या शास्त्रज्ञांसह दुसऱ्या वाटेने चालले होते. पेनिसिलिन तोडणाऱ्या एका विकराचा स्फटिक करून त्यांनी त्याची रचना प्रत्यक्ष पाहिली आणि एक अनपेक्षित गोष्ट निघाली. साखळीच्या क्रमावरून जे नाते उघड दिसत नव्हते, ते घडीवरून दिसले. हा विकर एका वेगळ्याच मोठ्या घराण्यातला निघाला.

एकाच शहरात, एकाच वर्षी हे दोन निबंध. एक वर्तवणारा, दुसरा पाहणारा. वर्तवणाऱ्याने आधी माहीत असलेल्या नात्यावर घर बांधले, पाहणाऱ्याला माहीत नसलेले नाते सापडले. आजच्या वादातला निम्मा मुद्दा मला या जोडीत दिसतो.

मेंदूज्वराच्या प्रथिनाचे पुढे काय झाले, तेही पाहायला हवे. त्याची खरी रचना अमेरिकेत स्फटिकातून निघाली ती २०१२ साली, म्हणजे पुण्याच्या भाकितानंतर तेरा वर्षांनी. त्या रचनेत दोन प्रथिने एकमेकांना जिथे चिकटतात ती जागा अनपेक्षितपणे लहान निघाली. कुळातल्या इतर विषाणूंत जे स्पर्श दिसतात त्यांतले कितीतरी इथे नव्हते. सांगाडा चुलत भावाकडून उसना घेतला तर घराची ठेवण कळते, पण घरातली माणसे एकमेकांशी कशी वागतात ते कळतेच असे नाही.

आणि लस? २००५ साली गोरखपूर परिसरात या रोगाने हजाराहून अधिक बळी घेतले, त्यांत बहुतेक मुले होती. पुढच्या वर्षी मोहीम सुरू झाली ती चीनहून आणलेल्या जिवंत पण निर्बल केलेल्या विषाणूच्या लशीने. २०१३ साली भारतीय लस आली, ती कर्नाटकातल्या कोलारच्या रुग्णापासून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने वेगळ्या केलेल्या विषाणूची. तो पेशींत वाढवून, मारून ही लस बनवली. म्हणजे दोन्ही लशी जुन्या, घाम गाळणाऱ्या पद्धतीच्या. पुण्याचे भाकीत विचार म्हणून उत्तम होते, तरी मुलांच्या दंडापर्यंत ते पोचले नाही. यात पुण्याच्या शास्त्रज्ञांचा दोष काढायचा नाही. घडी कळणे आणि औषध मिळणे यांच्यामध्ये किती मैलांचे रान आहे, एवढेच मला दाखवायचे आहे.

आता २०२०. त्या वर्षीच्या ३० नोव्हेंबरला "कॅस्प" या स्पर्धेचा निकाल लागला. भाकीत हा शब्द निघाला की दिवाळी अंकाच्या वाचकाला राशिभविष्याची पाने आठवणे साहजिक आहे. तेव्हा हा फरक सांगितलाच पाहिजे. "कॅस्प" १९९४ पासून दर दोन वर्षांनी होते. प्रयोगाने नुकत्याच उलगडलेल्या पण अजून प्रसिद्ध न केलेल्या रचनांच्या साखळ्या स्पर्धकांना देतात, त्यांची उत्तरे आधी घेतात आणि मगच खरे उत्तर उघडतात. आपल्याकडे अशीच झाकलेली परीक्षा २००८ साली जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी ज्योतिषांची घेतली होती. पत्रिका हुशार मुलाची की मतिमंद मुलाची, एवढेच सांगायचे होते. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून दिलेली उत्तरे ४६ टक्के बरोबर आली. नाणे उडवले असते तर पन्नास टक्के आली असती. "कॅस्प"च्या परीक्षेत डीपमाइंड कंपनीच्या "अल्फाफोल्ड"ला शंभरपैकी ९२.४ हा मध्यांक मिळाला आणि नव्वदच्या वर म्हणजे प्रयोगाच्या तोडीचे, असा तिथला संकेत आहे. भाकिताची अशी प्रामाणिक परीक्षा घेणारी शिस्त ज्या विद्याशाखेने स्वतःला पंचवीस वर्षे लावून घेतली, तिच्याबद्दल मला आदर आहे. यंत्राच्या हुशारीपेक्षा ही शिस्त मला मोठी वाटते.

यंत्र काय करते? ते एकाच साखळीकडे पाहत नाही. त्या साखळीचे बुरशीत, माशात, माणसात जे भाऊबंद सापडतात त्यांची रांग लावते. दोन दूरच्या जागांवरचे मणी उत्क्रांतीत पुन्हा पुन्हा जोडीने बदललेले दिसले, तर त्या जागा घडीत शेजारी असणार, अशी त्यामागची धारणा. एका गल्लीतली दोन घरे पिढ्यान्‌पिढ्या एकाच वेळी रंग बदलत असतील तर त्यांची भिंत एक असावी, तसे. त्याच्या जोडीला प्रयोगाने काढलेल्या लाखांवर रचनांवर ते शिकलेले असते. या रचना १९७१ साली सात नोंदींनी सुरू झालेल्या एका सार्वजनिक कोठारातल्या आहेत. पन्नास वर्षे जगभरच्या सरकारी पैशावर, हजारो विद्यार्थ्यांच्या रात्रपाळ्यांवर ते भरत गेले. नोबेल २०२४ साली मिळाले ते डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना. योग्यच मिळाले. पण कोठार भरणाऱ्यांचे नाव त्यात बसण्याजोगे नव्हते आणि ते बसवण्याची रीतही नाही.

जमेची बाजू मोठी आहे आणि ती कंजूषपणा न करता मांडली पाहिजे. २०२१च्या जुलैत अल्फाफोल्डच्या रचनांचे कोठार खुले झाले आणि वर्षभरात त्यात २० कोटींहून अधिक प्रथिने आली. ते उभारण्यात केंब्रिजजवळच्या युरोपीय संस्थेतल्या ज्या गटाचा वाटा आहे, त्याचे प्रमुख समीर वेलणकर. त्यांची स्वतःची सुरुवात स्फटिकांपासूनच झाली. डीएनएची पीळ उलगडणारा एक विकर किड्यासारखा सरकत कसा चालतो, हे १९९९ साली दाखवणाऱ्या निबंधावर त्यांचे नाव पहिले आहे. पुन्हा तेच वर्ष! हे कोठार फुकट आहे. ज्या महाविद्यालयात मी जीवरसायनशास्त्र शिकवीत होतो तिथे रचनेचा पाठ म्हणजे फळ्यावरचे वेटोळे आणि एक तुटका प्लास्टिकचा सांगाडा होता. आता सुरगाण्याहून आलेली मुलगी आपल्या मोबाइलवर हवे ते प्रथिन उघडते. ही समता खरी आहे आणि तिचा आनंद मला कोणी कमी करू शकणार नाही.

प्रयोगशाळांतही फरक पडला. क्ष-किरणांचे ठिपके हाती येऊनही त्यातून रचना काढायला सुरुवातीचा एक अंदाज लागतो, तो नसला की काम वर्षानुवर्षे अडून राही. आता यंत्राचा अंदाज वापरून अशी अडलेली कामे मोकळी झाली. पेशीच्या केंद्रकाचे दार, म्हणजे शेकडो प्रथिनांचा तो अजस्र दरवाजा, २०२२ साली बराचसा उलगडला तो सूक्ष्मदर्शकाची धूसर प्रतिमा आणि यंत्राची भाकिते एकत्र बसवून. गंमत अशी, की भाकिताने सगळ्यात जास्त वेग दिला तो प्रयोगालाच. थॉमस टेरविलिगर आणि सहकाऱ्यांनी भाकिते मूळ प्रायोगिक नोंदींशी ताडून पाहिली आणि निष्कर्ष काढला, की ही मौल्यवान गृहीतके आहेत, प्रयोगाची जागा ती घेत नाहीत. मला हे मूल्यमापन नेमके वाटते.

आता त्या "सुटले"कडे येतो. घडीचे कोडे खरे तर दोन कोडी होती. घडी कोणती बसेल हे एक, ती कशी बसते हे दुसरे. पहिल्याचे उत्तर यंत्र बहुतांशी देते, दुसऱ्याला ते हातही लावत नाही. जयंत उदगावकर यांनी बंगळुरात, आणि पुढे पुण्याच्या आयसरचे संचालक असताना, या दुसऱ्या कोड्यावर हयात घालवली. बारस्टार, मोनेलिन अशी छोटी प्रथिने उलगडून पुन्हा घडी बसताना क्षणाच्या हजाराव्या भागात काय होते ते मोजायचे. वाटेत कोणते थांबे लागतात, वाट एकच आहे की अनेक? लेव्हिन्थालचा प्रश्न हा होता. पोचलेल्या माणसाचे छायाचित्र दाखवून तो कोणत्या रस्त्याने आला याचे उत्तर दिले असे म्हणता येत नाही. आणि घडी चुकण्याचे रोग, मेंदूत साचणारे प्रथिनांचे गोळे, हे सगळे रस्ता चुकण्याचे रोग आहेत.

शिवाय सगळ्याच प्रथिनांना घडी असते असेही नाही. माणसाच्या प्रथिनांसाठी यंत्राने स्वतःच जाहीर केलेला हिशेब असा, की ५८ टक्के मण्यांच्या जागा भरवशाने सांगता आल्या आणि त्यातल्या फार भरवशाच्या ३६ टक्के. उरलेल्यातला बराच भाग मुळातच सैल, लवचीक आहे, जोडीदार भेटेपर्यंत तो आकार घेतच नाही. चित्रात तो भाग नारिंगी भेंडोळ्यासारखा दिसतो. यंत्र प्रामाणिक आहे, ते "मला खात्री नाही" असे रंगाने सांगते. पाहणारे मात्र भेंडोळ्यालाही रचना समजून निबंध लिहितात, आणि हा दोष यंत्राचा नाही. आणखी एक गोष्ट: २०२२च्या त्या २० कोटींत विषाणूंची प्रथिने घेतलेलीच नव्हती. पुण्याने १९९९ साली ज्याचा ध्यास घेतला ते आवरण-प्रथिन जगातल्या सर्वांत मोठ्या कोठारात शोधले असते तर सापडले नसते.

पण नाशिकच्या दृष्टीने सर्वांत मोठी मर्यादा वेगळीच आहे आणि ती एका मण्याची आहे.

सुरगाणा, पेठ, कळवणपासून नंदुरबारपर्यंत आणि तिकडे गडचिरोलीपर्यंत आदिवासी पाड्यांवर सिकलसेल हा रोग आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतला सहावा मणी बदलतो, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन येते. बस, एवढेच. लायनस पॉलिंग यांनी १९४९ साली हा रेणूचा रोग आहे हे ओळखले आणि व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५०च्या दशकात नेमका मणी शोधला. या बदलाने साखळीची घडी जवळजवळ बदलतच नाही. प्राणवायू सोडल्यावर एका रेणूचा तो चिकट मणी शेजारच्या रेणूच्या खाचेत अडकतो, त्याचा पुढच्यात, आणि दोरखंड तयार होऊन तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. म्हणजे रोग एका प्रथिनाच्या आकारात नसून गर्दीत आहे. एकट्या साखळीचे चित्र काढणारे यंत्र निरोगी आणि रोगी हिमोग्लोबिन शेजारी ठेवून जवळपास एकच चित्र देणार. एका मण्याच्या बदलाचा रचनेवरचा परिणाम अल्फाफोल्डला सांगता येतो का, असा थेट प्रश्न विचारणारा निबंध २०२२ साली आला. त्याचे उत्तर नकारार्थी होते. २०२३ साली त्याच कंपनीने "अल्फामिसेन्स" हे दुसरे यंत्र आणले. ते ७ कोटी १० लाख संभाव्य बदलांपैकी बहुतेकांना घातक की निरुपद्रवी असा शेरा देते. निदानाला याचा उपयोग होईल. पण शेरा देणे म्हणजे कारण सांगणे नव्हे.

आणि रचना अगदी तंतोतंत माहीत असली तरी? हिमोग्लोबिनइतके ओळखीचे प्रथिन दुसरे नाही. त्याची रचना साठ वर्षांहून अधिक काळ हातात आहे. तरी पाड्यावरच्या मुलाला आज मिळते ते हायड्रॉक्सियुरिया, मूळचे कर्करोगाचे औषध. रचनेकडे पाहून घडवलेले व्हॉक्सेलोटोर २०१९ साली अमेरिकेत मंजूर झाले आणि फायद्यापेक्षा धोका अधिक दिसल्यावर २०२४च्या सप्टेंबरात फायझरने ते जगभरातून मागे घेतले. रेणूच्या पातळीवर ते जे करायचे ते करत होते. रेणू सुधारला म्हणून माणूस सुधारतोच असे नाही, हे त्या औषधाने महागात शिकवले.

उलट बाजूचे एक उदाहरणही द्यायला हवे. वर्तवण्याची कला उलटी फिरवून, हव्या त्या आकाराचे नवे प्रथिन घडवण्याचे काम बेकर यांच्या प्रयोगशाळेने केले आहे. २०२५च्या जानेवारीत त्यांनी नागवर्गीय सापांच्या एका प्रकारच्या विषाला पकडणारी प्रथिने जाहीर केली. त्यांनी उंदरांचे प्राण वाचवले. घोड्याच्या रक्तातून काढलेल्या प्रतिविषावर शतकभर अवलंबून असलेल्या आपल्यासाठी ही लहान बातमी नाही. फक्त पेठ-सुरगाण्याच्या दवाखान्यात घोणस आणि फुरसेही येतात. त्यांच्या विषाचा मुख्य भार वेगळ्या प्रथिनांवर असतो आणि ही नवी प्रथिने त्यासाठी नाहीत. वाट लांब आहे, पण दिशा आहे.

एक तक्रार मात्र नोंदवतो. अल्फाफोल्डची तिसरी आवृत्ती २०२४च्या मे महिन्यात प्रसिद्ध झाली तेव्हा तिची आज्ञावली दिलेली नव्हती. शास्त्रज्ञांनी निषेध केला, मग नोव्हेंबरात ती बिगरव्यापारी कामासाठी दिली गेली. सार्वजनिक कोठारावर शिकलेल्या यंत्राने आपले दार अर्धे लावून घेणे मला पटलेले नाही. औषधाचा रेणू प्रथिनात कसा बसेल हे सांगणारी आवृत्ती नेमकी तीच होती. आमच्या बागाईतदाराचा प्रश्न याच जागेचा आहे.

तर तो प्रश्न. केवडा आणणारा जीव, शास्त्रीय काटेकोरपणे पाहिले तर, खरी बुरशी नाही. त्याचे नाते शेवाळांकडे अधिक जाते. पण त्यालाही श्वास घ्यावा लागतो. पेशीतल्या श्वसनाच्या यंत्रणेत सायटोक्रोम बी नावाचे प्रथिन असते. त्याच्या एका खोबणीत जाऊन बसायचे आणि श्वास कोंडायचा, हे स्ट्रोबिलुरिन गटातल्या औषधांचे काम. या प्रथिनातला १४३वा मणी ग्लायसीन आहे, सगळ्यांत लहान. तिथे अ‍ॅलनीन आले की एका हायड्रोजनच्या जागी एक कार्बन आणि तीन हायड्रोजन येतात. तेवढ्या फुगवट्याने औषधाला खोबणीत जागा राहत नाही, प्रथिनाचे स्वतःचे काम मात्र चालू राहते. महाराष्ट्रातल्या द्राक्षबागांत केवड्याने या गटाच्या औषधांना दाद न देण्याची पहिली शास्त्रीय नोंद मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली प्रसिद्ध केली. ती पाने गोळा करून, नमुने वाढवून, औषध मारून पाहून केलेली नोंद होती.

मळ्यावरून परतल्यावर मी आणि माझ्या विद्यार्थ्याने एक उद्योग केला. "कोलॅबफोल्ड" नावाची फुकट सोय आहे, तिथे दोन साखळ्या दिल्या. एकीत १४३व्या जागी ग्लायसीन, दुसरीत अ‍ॅलनीन. तासाभरात दोन्ही रचना आल्या, दोन्ही भरवशाच्या निळ्या रंगाच्या. एकीवर दुसरी ठेवली तर वेगळ्या आहेत हे शोधावे लागे. बागाईतदाराची एकरभर द्राक्षे ज्या फरकामुळे गेली, तो फरक त्या निळ्या रेषांच्या जाडीत हरवला होता. खोबणी दिसत होती हे खरे. कारण माहीत असलेल्याला ती बोट ठेवून दाखवताही आली असती. पण कारण आधी माहीत असावे लागले.

गेल्या महिन्यात मुलाचा फोन आला. त्याने वडिलांना त्या गटाची औषधे एकामागोमाग एक मारणे बंद करायला लावले आहे. वेगळ्या गटाचे औषध आलटून पालटून घ्यायचे आणि एकाच गटाचे दोनदा सलग नाही. वडिलांचा यावर अजून विश्वास बसलेला नाही. छाटणीनंतर पाऊस झाला तर तो दिंडोरी, निफाड आणि चांदवडच्या पंधरा बागांतून डाग पडलेली पाने आणणार आहे आणि प्रत्येक पानातल्या जिवाच्या १४३व्या जागेवर काय आहे ते वाचून काढणार आहे. पिशव्यांवर तारीख आणि फवारणीची नोंद कशी लिहायची ते तो मला विचारत होता. मी त्याला म्हटले, कागदी पिशव्या घे, प्लास्टिकमध्ये पाने घामेजतात.